न पाहिलेला शेवटचा भाग

“शेवटचा भाग काहून नाही पाह्यला वं पोरी?”

सरूमायनं हे विचारलं तेव्हा माझं मौन होतं.

माझी आई गेली, त्या वर्षी चातुर्मासात मी नेम धरला होता. दर गुरुवारी, सकाळच्या आंघोळीपासून संध्याकाळी देवापुढे दिवा लागेपर्यंत, तोंडातून शब्द काढायचा नाही. ऐकायला सोपा वाटतो. घरात माणसं असली की कळतं. हो-नाही मानेनं सांगायचं, भाजीवाल्याला बोटं दाखवायची, आणि गॅसवरचं दूध दुसरं कुणी पाहतंय का याची वाट बघत स्वतःच धावायचं.

म्हणून हे सगळं मी मधे एकदाही न बोलता ऐकलं. जसं ऐकलं तसंच सांगते. माझ्या पदरचं काही घालत नाही.

सरूमायचा मठ आमच्या गावाबाहेर, कालव्यापलीकडे. मठ म्हणजे तरी काय... पत्र्याची एक लांब खोली, पुढं सारवलेली ओसरी, एक चिंच, एक विहीर. माय तिथं कधीपासून राहते हे कुणाला नीट सांगता येत नाही. ती मंत्र देत नाही, अंगारा देत नाही. विचारलं तर उत्तर देते. तेही मनात आलं तर.

त्या गुरुवारी मी आमच्या शेजारच्या नुपूरला तिथं घेऊन गेले होते. तिच्या आईनं हात जोडले म्हणून. “वहिनी, तुमचं ऐकेल ती,” म्हणाली. मी तर त्या दिवशी बोलणारही नव्हते.

नुपूरचा मोठा भाऊ वेदांग दिवाळीनंतर तापानं गेला. हातातोंडाशी आलेला मुलगा. आता नुपूरचा पुण्याला चित्रांच्या कॉलेजात नंबर लागला होता. प्रवेशाची मुदत संपत आली होती, आणि ही पोरगी घरातून हलायला तयार नव्हती. रोज संध्याकाळी खोलीचं दार लावून बसायची.

आईला आतून हसणं ऐकू यायचं.

दोघांचं, असं आई म्हणायची. त्यापुढं काही म्हणायची नाही.

तर मायनं तो प्रश्न विचारला. नुपूरनं तोवर तिला काहीच सांगितलं नव्हतं. नमस्कारसुद्धा केला नव्हता.

“कुठला भाग?” नुपूर म्हणाली. मग माझ्याकडं वळली. “काकू, तुम्ही सांगितलंत यांना?”

मी मान हलवली. नाही.

“तिचं तर तोंड शिवलं हाय आज,” माय म्हणाली. “बस.”

नुपूर बसली नाही.

“मी आईसाठी आले. मला गुरू वगैरे नको आहेत. माझे गुरू आहेत.”

“कोण वं?”

“ॲनिमे. जपानी मालिका असतात. चित्रांच्या.”

“कार्टून.”

“कार्टून नाही.”

“बरं. नाही.” माय हसली. दात फारसे नव्हतेच. “काय शिकवते तुले तुहे गुरू?”

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नसावा. नुपूर ओसरीच्या खांबाला टेकली. हाताची घडी घातलेलीच होती, पण आवाजातली धार थोडी उतरली.

“हरलेला माणूस उठतो. पुन्हा हरतो. पुन्हा उठतो. कुणी शाबासकी देत नाही, तरी उठतो.”

“हं.”

“राक्षस मरतो ना, त्याच्या आधी एकदा त्याचं लहानपण दाखवतात. त्याची आई, त्याचं अंगण. मग त्याच्यावर रागवताच येत नाही.”

“हे चांगलं हाय,” माय म्हणाली. “आमच्या कहाण्यायमंधी राक्षस नुसताच मरते.”

“जेवायच्या आधी हात जोडतात.”

“आमीबी जोडतो.”

“ताटात एक शीत टाकत नाहीत.”

मायनं माझ्याकडं पाहिलं. दुपारी मठातल्या पंगतीला मी भात टाकला होता. मी खाली बघितलं.

“आणि घरात शिरताना ‘आले’ म्हणतात,” नुपूर म्हणाली. “आतलं माणूस ‘ये’ म्हणतं. घरात कुणी नसलं तरी म्हणायचं.”

“कोणी नसलं तरी?”

“हो.”

“मंग ‘ये’ कोण म्हणते?”

चिंचेवर पोपट भांडत होते, ते एकदम गप्प झाले. किंवा मला तसं वाटलं.

“दादा म्हणायचा,” नुपूर म्हणाली.

आणि मग, हळू...

“अजून म्हणतो.”

माय दचकली नाही. तिनं सूप पुढ्यात ओढलं आणि तांदळातले खडे वेचायला लागली. एखादीनं सांगावं, आमच्याकडं पाणी संध्याकाळी येतं, आणि दुसरीनं ऐकून घ्यावं, तसं.

“रोज म्हणते?”

“म्हणायचा. परवापर्यंत.” नुपूरची हाताची घडी सुटली. “आता ‘ये’ ऐकू येत नाही. नुसता गादी हलल्याचा आवाज येतो. बसल्या जागी कुणीतरी चुळबुळ करतं ना, तसा. रोज थोडा जास्त.” ती थांबली. “माय, तो जायला लागलाय का?”

तिनं ‘माय’ म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

“म्हणून आली तू.”

“त्याला थांबवता येतं का? कसं थांबवायचं ते सांगा. उपास सांगा, नेम सांगा. काकू करतात तसले. काहीही करीन मी. पुण्याला जाणार नाही, लग्न करणार नाही, त्या खोलीतून हलणार नाही. फक्त तो थांबायला हवा.”

मला वाटलं उठावं, तिला पोटाशी धरावं, म्हणावं, अगं बाळा, असं नसतं. पण मौन होतं. आणि खरं सांगते, तेव्हा मौन नसतं तरी मला काय बोलता आलं असतं कुणास ठाऊक.

“आंधी हे सांग,” माय म्हणाली, “काय पाह्यता तुमी दोघं?”

नुपूरनं पाठीवरची बॅग उतरवली. टॅब काढला. मग बसायची एक गादी काढली, निळी, चौकोनी, एका कडेला विटलेली. ती तिनं आपल्या डाव्या हाताला ठेवली, कोपरे सरळ केले, आणि मग तिच्या शेजारी स्वतः बसली.

गादीच्या मधोमध खळगा होता.

दुमडून बॅगेत कोंबलेल्या गादीत असा खळगा राहतो कसा, हे मला विचारायचं होतं.

“एक मुलगी असते,” नुपूर सांगू लागली. “काळ्या नदीवर होडी चालवते. मेलेल्या माणसांचे दिवे पलीकडच्या काठाला नेऊन पोचवते. सगळ्यांचे पोचवते. शेवटून दुसऱ्या भागात होडीत तिच्या स्वतःच्या भावाचा दिवा असतो. होडी नदीच्या मधोमध येते... आणि भाग संपतो.”

“अन् मंग?”

“माहीत नाही. तो भाग आम्ही पाहिला आणि दादाला ताप भरला. सकाळी बाबा त्याला दवाखान्यात घेऊन निघाले. उंबऱ्यावरून तो मला म्हणाला, ‘येतो गं. माझ्याशिवाय पुढं बघायचं नाही.’ ” तिनं गादीवरून हात फिरवला, पण खळग्याला स्पर्श केला नाही. “आमची शपथ आहे तशी. लहानपणापासून. दोघांनी सुरू केलेली मालिका एकट्यानं पुढं बघायची नाही. ताप असो, परीक्षा असो. ज्यानं बघितलं तो गद्दार.”

“येतो म्हणाला.”

“हो. येतो म्हणाला.”

“सगळेच म्हणते,” माय म्हणाली.

“त्याचं तसं नव्हतं.” नुपूरची हनुवटी वर झाली. “मी जे काही शिकलेय ना, त्यात हेच पहिलं आहे. सोबत्याला सोडायचं नाही. जग बुडालं तरी नाही. आईनं रडून घेतलं. बाबांनी फोटोला हार घातला. नातेवाईक तेराव्याला जेवून गेले. मी सोडलं नाही. मी रोज गादी मांडते आणि तोच भाग लावते.”

“रोज?”

“रोज.”

“अन् रोज ते होडी मंधातच आणून ठेवते?”

नुपूरनं गादीचा कोपरा पुन्हा सरळ केला.

“ना हा काठ, ना तो काठ...” मायनं सूप बाजूला सारलं. हात झटकले. “लाव.”

“काय?”

“रोजचा भाग. मलेबी पाहू दे.”

ऊन कलतं होतं. चिंचेची सावली ओसरीवर चढली होती. नुपूरनं टॅब पाटाला टेकवून उभा केला आणि मालिका लावली. मी तिच्या मागे, भिंतीशी, चटईवर बसलेली.

मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पाणी मात्र कळत होतं. काळं, जाड, तेलासारखं पाणी. वल्ह्याचा आवाज. होडीत एकच दिवा, आणि वारा नसताना हलणारी त्याची ज्योत. ती चित्रातली पोरगी एकदाही मागे बघत नव्हती. नुपूर मात्र मधूनमधून डावीकडं बघायची, बारीक हसायची, जसं आपण कुणाला म्हणतो ना, बघ, आता बघ.

ओसरीवर गारवा आला. सारवलेली जमीन पायांखाली ओली लागायला लागली.

होडी मधोमध आली. भाग संपला. पडदा काळा झाला.

त्या काळ्या काचेत आम्ही दिसलो. नुपूर, तिच्या मागे मी, बाजूला माय...

मी मोजलं नाही. धीर झाला नाही.

माय उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. आणि त्या निळ्या गादीकडं गेली.

“तिथं नको.” नुपूर एकदम म्हणाली. “ती जागा त्याची आहे.”

“माहीत हाय मले.”

माय वाकली. “सरक बाप्पा जरासा,” असं ती गादीला म्हणाली. आणि गादीच्या अगदी कडेवर, अर्धं अंग बाहेर ठेवून बसली. एसटीत भरल्या बाकावर बसतो तसं. मग तिनं मान कलती केली, कान त्या बाजूला नेला, आणि ऐकत राहिली.

बराच वेळ ऐकत राहिली. एकदा “हो का,” असंही म्हणाली.

“काय म्हणतो?” नुपूरनं विचारलं.

“पाय अवघडले म्हणते.”

...

मला वाटलं होतं पोरगी चिडेल. म्हणेल, हे काय नाटक चालवलंय. उठून चालू लागेल.

नुपूर त्या खळग्याकडं बघत राहिली.

“त्याला मांडी घालून बसायला जमायचंच नाही,” ती म्हणाली. “सारखा उठायचा. पाणी पिऊन येतो, पंखा वाढवतो, काहीतरी काढायचा. मी ओरडायचे. तुझ्यामुळे सारखं थांबवावं लागतं म्हणायचे.”

“दिवाळीपासून बसला हाय, पोरी.”

“मी त्याला सोबत करत होते.”

“होय.”

“मी सोडलं नाही त्याला.”

“नाही सोडलं,” माय म्हणाली. “तेच म्हणते तो.”

नुपूरनं तोंडावर हात दाबला. डोक्यावरून हात फिरवणं, उगी उगी करणं, तसलं काहीच नाही. माय नुसती कडेवर बसून राहिली, जागा राखून.

“पण शपथ आहे,” नुपूर शेवटी म्हणाली. “त्याच्याशिवाय पुढं बघायचं नाही.”

“मंग त्याच्याशिवाय कोठी पाह्यतं तू? हा काय बसला हाय.”

...

नुपूरचं बोट पडद्यावर खूप वेळ अधांतरी राहिलं. मग टेकलं.

शेवटच्या भागात काय काय होतं ते मी सांगणार नाही. कुणी दोघं कुठंतरी एकमेकांची वाट बघत थांबली असतील, त्यांचं त्यांनी पाहावं. एवढंच सांगते की होडी काठाला लागली.

पण दिवा होडीतून उतरेना.

ती पोरगी काठावर उभी. दिवा होडीत तसाच. पाणी थांबलेलं. मग ती काहीतरी म्हणाली. एकच शब्द, लहानसा.

नुपूरनं तिथंच थांबवलं.

“काय म्हणाली वं ते?” मायनं विचारलं.

“जा म्हणाली.”

“हं.”

“आमच्याकडं जा म्हणत नाहीत.” नुपूर घाईघाईनं बोलायला लागली. “निघणाऱ्याला ये म्हणतात. निघणारापण येतो म्हणतो. जा म्हटलं की आजी तोंडावर मारायची. दादाला मी कधी जा म्हटलं नाही. भांडलो तरी नाही.”

“आमच्यातबी नाही म्हणत,” माय म्हणाली.

ती गादीच्या कडेवरून उठली. दोन्ही हातांनी लुगडं सावरून बाजूला झाली, खांबाला अंग चिकटवून उभी राहिली. अरुंद दारातून मोठं माणूस निघालं की घरातल्या बाया होतात तशी.

आता नुपूर आणि ती गादी, यांच्या पुढं कुणी नव्हतं. समोर ओसरीची पायरी आणि चिंचेखालून कालव्याकडं जाणारी वाट.

मी देवाचं नाव मनात घेत होते. कुठल्या देवाचं ते आठवत नाही.

“दादा,” नुपूर म्हणाली.

...

“जा.”

गादीतला खळगा हलला. एकदम नाही. आधी एक बाजू, मग दुसरी, आणि कापूस हळूहळू वर येत गेला, झोपलेल्या माणसाची छाती वर येते तसा. पायरीवर काही दिसलं नाही. पण खाली चिंचेजवळ खडी टाकलेली होती, तिच्यावर पावलं वाजली. आधी अडखळत, एक पाय ओढत. मुंग्या आलेल्या पायांनी माणूस चालतं तशी. मग थोडी बरी. मग चांगली सरळ, लांब टांगांची, तरण्या मुलाची. कालव्याच्या बाजूनं कमी कमी होत गेली.

पोपट पुन्हा भांडायला लागले.

नुपूर कितीतरी वेळ रडली. मायनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, “हिरीवर जाऊन तोंड धू,” आणि नुपूर मुकाट्यानं गेली. तिकडून रहाटाचा आवाज आला, पाण्याचा आला. मग तिचा फोनवरचा आवाज आला. आईशी बोलत होती. मोठी बॅग माळ्यावरच आहे का, असं विचारत होती. तिची चेन बिघडली होती ती बाबांनी दुरुस्त करून आणली का, असंही.

मी पदरानं डोळे पुसले.

आत मायनं देवापुढं दिवा लावला. माझा नेम त्या दिवसापुरता सुटला. सकाळपासून शब्द साठले होते, त्यातला हाच पहिल्यांदा बाहेर आला.

“माय, खरंच कुणी बसलं होतं का गं तिथं?”

माय वात पुढं सारत होती. तिनं वळून पाहिलं. माझ्याकडं नाही. माझ्या उजव्या हाताला, जिथं चटई रिकामी होती. पाहतच राहिली. ओळखीच्या माणसाला बघून चेहऱ्यावर येतं तसं थोडं हसूही आलं तिच्या चेहऱ्यावर.

“तू आंधी जराशी सरकून बस, बाई,” ती म्हणाली. “तिले उठाले जागा दे. अन् हे गोष्ट ज्याले ज्याले सांगशीन, त्यायलेबी म्हण... जरा सरकून बसा.”